काटा ‘फुल’च्या पुढे अडकलाय? जुन्या मोटरहोमचं फ्युएल गेज आणि टाकीतला सेंडर घरी दुरुस्त करताना

मिशिगनमधलं ग्रेलिंग मागे टाकून आम्ही आय-75वरून उत्तरेला, मॅकिनॉच्या दिशेने निघालो होतो. पेट्रोलचा काटा ‘एफ’च्याही पुढे जाऊन टेकलेला. आदल्या दिवशी बरंच अंतर कापलं होतं, तरी काटा जागचा हललेला नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. वीसेक मैलांवर इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. साडेपाच टनांची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, महामार्गाच्या कडेला, शेजारून ट्रक सुसाट चाललेले, आणि मागच्या पलंगावर झोपलेली मुलगी उठून विचारतेय, “बाबा, आलं का?”

परतल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. खाली न वाकताच त्यांनी सांगितलं, सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) गेलाय, टाकी उतरवावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून गाडी घरी आणली. शनिवारी सकाळी चटई टाकून खाली शिरलो. टाकीपासून चॅसिसकडे (गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे) जाणारी एक काळी वायर, तिच्या टोकाचा गोल लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), आणि त्या लगवर बोटाने दाबलं तर पापुद्रे सुटतील इतका गंज. लग बदलला, बोल्टखालची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, आणि काटा खाली येऊन ‘ई’च्या (‘एम्प्टी’, म्हणजे रिकामी) जरा वर थांबला. खरोखर तेवढंच पेट्रोल होतं.

तीन वर्षांनी सेंडर खरंच गेला आणि टाकी उतरवावीच लागली. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात, आणि या लेखात सर्वांत जास्त भर एकाच गोष्टीवर आहे: काम कोणत्या क्रमाने करायचं. फ्यूज, गेज, वायर, अर्थ (म्हणजे अर्थिंग, विजेचा परतीचा जोड), सेंडर. यातली प्रत्येक गोष्ट मीटर लावून निर्दोष ठरवायची आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. टाकी सगळ्यांत शेवटी.

माझी गाडी 1978 सालची, शेवरोलेच्या पी-30 चॅसिसवर बांधलेली. 454 घन इंचांचं, म्हणजे 7.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, कार्ब्युरेटरवालं. टाकी 40 गॅलनची, साधारण 151 लिटर, मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे चॅसिसच्या दोन बारांमध्ये लटकलेली. एका लिटरला जेमतेम तीन किलोमीटर मिळतात, म्हणून काटा खरं बोलणं इथे फार महत्त्वाचं. फोर्ड किंवा डॉज चॅसिसवरच्या गाड्यांनाही हीच पद्धत चालते, फक्त आकडे उलटे होतात. ते पुढे येतंच.

आधी यंत्रणा समजून घ्या

टाकीच्या माथ्यावर एक गोल झाकण असतं आणि सेंडर त्या झाकणालाच जोडलेला असतो. झाकणाखाली टाकीत एक दांडी, दांडीच्या टोकाला पितळेचा पोकळ किंवा काळ्या फोमचा फ्लोट. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट दांडीला घेऊन हलतो, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पितळी जीभ बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते. घरातल्या पंख्याचा जुना, खटखट आवाज करणारा रेग्युलेटर आठवा. तिथे जसा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी-जास्त होतो, तसाच इथे होतो. डॅशवरचं गेज फक्त हा रोध ‘वाचतं’. सेंडरला वायर एकच येते. परतीचा रस्ता म्हणजे झाकण, टाकीचा पत्रा, अर्थची वायर, चॅसिस आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक.

हा परतीचा रस्ताच बहुतेक वेळा दगा देतो. टाकी पट्ट्यांवर लटकते, पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये रबर किंवा नमद्याच्या पट्ट्या असतात, वर रंगाचा थर असतो. म्हणजे टाकी चॅसिसला टेकलेली दिसते, पण विजेच्या दृष्टीने ती अधांतरी असते. सगळी भिस्त त्या एका काळ्या वायरवर. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, आणि ते सगळं तिथेच उडतं.

आता आकडे. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरोलेची मालक कंपनी) त्या काळातल्या गाड्यांत टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध 0 ओहम (ओहम हे रोधाचं माप) आणि भरलेली असताना 90 ओहम असतो. सत्तरच्या दशकातल्या फोर्ड आणि क्रायस्लर गटाच्या गाड्यांत, म्हणजे डॉजमध्येही, उलटं: रिकामी 73 च्या आसपास, भरलेली 10 च्या आसपास. स्ट्युअर्ट वॉर्नरसारखी बाहेरून बसवलेली अमेरिकन गेजेस 240 ते 33 वर चालतात, तर युरोपियन व्हीडीओ गेजेस बहुधा 10 ते 180 वर. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने कुठलं गेज बसवलंय हे पाहिल्याशिवाय नवा सेंडर मागवू नका. गेज एका घराण्याचं आणि सेंडर दुसऱ्या घराण्याचा, ही जोडी मी स्वतः दोन गाड्यांत पाहिली आहे. ती कधीच जुळत नाही.

गेजमध्येही फरक आहे. जीएमच्या गेजमध्ये दोन कॉइल असतात आणि त्यांच्यातल्या ओढाताणीवर काटा ठरतो. बॅटरी 12 व्होल्टवर असो वा अल्टरनेटर 14 देत असो, दोन्ही कॉइलना सारखाच फरक पडतो, म्हणून काटा हलत नाही. फोर्ड-क्रायस्लरच्या जुन्या गेजमध्ये गरम होऊन वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते. तिला स्थिर वीज लागते, म्हणून तिथे सरासरी 5 व्होल्ट देणारा एक छोटा व्होल्टेज लिमिटर असतो. तुमच्या डॉजमध्ये पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे एकाच वेळी खोटं बोलू लागले, तर टाकीकडे जाऊच नका, लिमिटर तपासा. त्याचा अर्थ तुटला तर तो पूर्ण 12 व्होल्ट पुढे सोडतो आणि गेजेस जळतात.

काटा काय सांगतोय

जीएमच्या गाडीत काटा ‘एफ’च्या पुढे अडकला असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय: वायर, जोड, अर्थ किंवा सेंडरच्या आतली तार. काटा कायम ‘ई’वर असेल तर टाकीकडे जाणारी वायर कुठेतरी चॅसिसला घासून उघडी पडली आहे, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो तळाशी बसलाय. इग्निशन चालू केलं तरी काटा मध्येच कुठेतरी निर्जीव पडून असेल, तर गेजलाच वीज मिळत नाही. या गेजमध्ये काट्याला मागे खेचणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे वीज नसताना तो कुठेही थांबतो. फोर्ड आणि डॉजमध्ये पहिली दोन लक्षणं उलटी वाचा: तुटलेलं सर्किट म्हणजे रिकामी, चॅसिसला टेकलेली वायर म्हणजे भरलेली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जीएममध्ये अर्थ पूर्ण तुटायच्या आधी तो हळूहळू खराब होतो. समजा टाकी अर्धी आहे, सेंडर 45 ओहम दाखवतोय आणि गंजलेल्या लगने वर आणखी 40 ओहम घातले. गेजला 85 दिसतात आणि काटा जवळजवळ भरलेली टाकी दाखवतो. म्हणजे बिघाड तुम्हाला आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल असल्याचं सांगतो. फोर्ड-डॉजमध्ये हाच बिघाड कमी पेट्रोल दाखवतो, तिथे निदान तुम्ही पंपावर लवकर जाता. ग्रेलिंगच्या पुढे आमचं जे झालं, त्याचं कारण हेच.

लागणारं सामान

ओहम मोजणारा मल्टिमीटर, आणि मिळाला तर जुन्या पद्धतीचा, काट्याचा. त्याचं कारण पुढे सांगतो. दहाएक फूट वायर, दोन्ही टोकांना मगरी क्लिप लावलेली. 10, 47, 68 आणि 91 ओहमचे रेझिस्टर, दोन वॅटचे. पॉलिश पेपर, वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, नवे लग. टाकी उतरवायचीच वेळ आली तर हाताने चालणारा सायफन पंप, पेट्रोलसाठी मान्यता असलेले डबे, दोन जॅक, जाड प्लायवूडचा तुकडा, गाडीखाली लावायच्या भक्कम घोड्या, लाकडी हातोडी, पितळेचा दांडा, आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक नळकांडं हाताशी.

टाकी जागेवर ठेवून करायच्या तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. खाली शिरल्यावर पेट्रोलचा वास आला किंवा कुठे ओल दिसली तर विजेची कुठलीही तपासणी करू नका. आधी गळती.

पहिलं काम दोन मिनिटांचं: गेजचा फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरने तपासा आणि त्याच्या क्लिपा घासा. जुन्या काचेच्या फ्यूजची टोपी आतून सुटलेली असते आणि बाहेरून तो धडधाकट दिसतो.

मग खाली जा. सेंडरकडे जाणारी वायर टाकीच्या माथ्यावर जोडलेली असते, पण बहुधा जवळच्या चॅसिसच्या बारावर तिचा एखादा जोड सापडतो. वायरच्या रंगावर विसंबू नका. वर्षागणिक रंग बदलले आहेत आणि मोटरहोम बांधणाऱ्यांनी आपापल्या वायरी जोडल्या आहेत. जोड सोडवा, इग्निशन चालू ठेवा, कुणाला तरी डॅशसमोर बसवा. जीएममध्ये वायर मोकळी असताना काटा ‘एफ’च्या पुढे जायला हवा. आता गाडीकडून येणारं टोक मगरी क्लिपच्या वायरने चॅसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेला लावा. काटा ‘ई’वर यायला हवा. दोन्ही झालं, तर गेज आणि टाकीपर्यंतची वायर निर्दोष. दोष टाकीच्या बाजूला आहे. फोर्ड किंवा डॉज असेल तर वायर थेट चॅसिसला लावू नका, मध्ये 10 ओहमचा रेझिस्टर ठेवा. थेट लावली तर पट्टी गरजेपेक्षा जास्त तापते.

त्याच जोडावर रेझिस्टर लावून गेजची परीक्षाही घेता येते. जीएममध्ये 47 ओहमला काटा अर्ध्याच्या आसपास आणि 91 ला ‘एफ’वर. फोर्ड-डॉजमध्ये 10 ला ‘एफ’ आणि 68 ला ‘ई’च्या जवळ. तिथे काटा हळू चढतो, अर्धा-एक मिनिट थांबा. मी ही तपासणी केली तेव्हा मुलगी डॅशसमोर होती आणि खिडकीतून ओरडत होती, “बाबा, अर्ध्यावर!” त्या एका वाक्याने डॅश उघडायचं काम वाचलं.

आता टाकीच्या बाजूचं टोक. वायर मोकळीच ठेवा आणि दोन मोजमापं घ्या. एक, सेंडरचं टोक आणि त्याच्याच झाकणाचा पत्रा यांच्यामधला रोध. दोन, सेंडरचं टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामधला. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. पहिला 44 आणि दुसरा 80 आला, तर मधले 36 ओहम अर्थच्या रस्त्यात आहेत आणि सेंडर निर्दोष आहे. झाकणापर्यंत हात पोचत नसेल तर टाकीच्या कडेचा पत्रा थोडा घासून तिथे टोक लावा. अर्थची वायर दोन्ही टोकांना सोडवा, नवे लग दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, जोडल्यावर वरून ग्रीस लावा. मी जुनी वायर ठेवून शेजारून दुसरी नवी वायरही घातली आहे, टाकीच्या पट्टीच्या बोल्टपासून लांब, चॅसिसला छिद्र पाडून.

दोन्ही आकडे सारखे आहेत पण पेट्रोलच्या मानाने चुकीचे, किंवा मीटर अनंत रोध दाखवतोय, तरच सेंडरवर संशय घ्या. मीटर लावलेला ठेवून गाडी हलवा. मी मुलीला मागच्या पलंगावर उड्या मारायला सांगितल्या, तो दिवस तिला अजून आठवतो. पेट्रोल हिंदकळलं की फ्लोट हलतो आणि ओहम बदलायला हवेत. आकडा ढिम्म असेल तर दांडी अडकली आहे किंवा फ्लोट बुडालाय.

तुमच्या गाडीला दोन टाक्या असतील तर हे सगळं सुरू करायच्या आधी स्विच कुठल्या टाकीवर आहे ते बघा आणि टाकी बदलून काटा पाहा. एका टाकीवर बरोबर आणि दुसरीवर चूक दाखवत असेल तर गेज आपोआप निर्दोष ठरलं.

गेजच दोषी निघालं तर

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, मग डॅशचा पॅनेल सोडवा. जुनं प्लास्टिक पोह्याच्या पापडासारखं तुटतं, म्हणून थंडीत हे काम करू नका. गाडी उन्हात तापू द्या. गेजच्या मागचे नट सैल झालेले असतात. जीएमच्या बऱ्याच गेजमध्ये पाठीमागे त्याच नटांखाली एक चपटा रेझिस्टर बसवलेला असतो. नट सैल असले की त्याचा संपर्क जातो आणि काटा वाटेल ते दाखवतो. नट काढा, संपर्काच्या जागा घासा, पुन्हा हलक्या हाताने आवळा. मागच्या निळसर प्लास्टिकवरच्या तांब्याच्या पट्ट्या शाळेतल्या साध्या खोडरबराने स्वच्छ होतात. तुटलेली पट्टी बारीक वायरने झाळता येते. काट्याला बोट लावू नका.

टाकी उतरवायची वेळ

इथून पुढे घाई अजिबात नको. पेट्रोल उणे 40 अंशांवरही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून काम उघड्यावर, खड्डा किंवा तळघर जवळ नसलेल्या जागी. साध्या कारपेक्षा मोटरहोममध्ये धोका जास्त, कारण आपण चाकांवरच्या घराखाली शिरतोय आणि त्या घरात चूल आहे. प्रोपेनचा मुख्य कॉक बंद करा. फ्रिज, पाणी तापवायचा बंब, हीटर यांच्या पायलट ज्योती (सतत जळत राहणाऱ्या छोट्या ज्योती) विझल्यात हे डोळ्यांनी बघा. बाहेरून घेतलेली वीज काढा, इन्व्हर्टर बंद करा, जनरेटर बंद करा, इंजिनच्या बॅटरीचं आणि घराच्या बॅटरीचंही निगेटिव्ह टोक सोडवा. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. खाली उजेडासाठी काचेचा बल्ब नको, सीलबंद एलईडी टॉर्च घ्या.

पट्ट्यांच्या बोल्टवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. ग्राइंडर आणि गॅसची ज्योत टाकीच्या आसपासही आणायची नाही. बोल्ट तुटला तर तुटू द्या, हातकरवतीने सावकाश, तेल टाकत कापा.

पेट्रोल आधी काढा. 40 गॅलन म्हणजे सुमारे 112 किलो, आणि ते वजन आत हिंदकळतं. हातपंपाने उपसा, तोंडाने ओढायचं नाही. डबे जमिनीवर ठेवूनच भरा, प्लास्टिकच्या चटईवर किंवा टेम्पोच्या हौद्यात ठेवून नाही, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची शक्यता कमी होते. जुनं, वास बदललेलं पेट्रोल परत वापरू नका. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या.

मग भरायच्या तोंडाची नळी, वाफेची नळी, इंजिनकडे जाणारी आणि जनरेटरकडे जाणारी अशा सगळ्या नळ्यांना चिकटपट्टी लावून क्रमांक द्या आणि फोनवर फोटो काढा. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे साधारण पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो पण गाडी घरी पोचते. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर इंजिन पाव टाकीवर बंद पडेल आणि तुम्ही पुन्हा गेजला दोष द्याल. (गेज बिघडलेलं असताना हीच आखूड नळी उपयोगी पडते. जनरेटर पेट्रोलअभावी थांबला तर पाव टाकी उरली असं समजा.)

चॅसिसखाली घोड्या लावल्याशिवाय खाली जाऊ नका. टाकीखाली प्लायवूड ठेवून दोन जॅक लावा, पट्ट्या सोडवा, चार बोटं खाली घ्या, वरची वायर आणि नळ्या सोडवा, मग पूर्ण उतरवा. हे काम दोघांचं आहे.

सेंडर बाहेर काढणं

उतरवलेली ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती वाफेने भरलेली असते. आधी माथा ब्रशने आणि पाण्याने धुऊन पुसून काढा, नाहीतर कडेची सगळी माती आत पडते. झाकण एका कडीने आवळलेलं असतं. कडीच्या खाचेवर पितळेचा दांडा टेकवून लाकडी हातोडीने हलके, डावीकडे फिरतील असे ठोके द्या. छिनी आणि लोखंडी हातोडा नको. सेंडर सरळ वर ओढू नका. दांडी आणि फ्लोट तिरके करून, आतल्या पत्र्याच्या आडभिंती चुकवत बाहेर काढावे लागतात. बाहेर आला की भोकावर स्वच्छ फडकं आणि वर पत्र्याचं झाकण.

माझा सेंडर हातात आला तेव्हा फ्लोट हलवून कानाशी धरला. आत पेट्रोल खळखळत होतं, नारळात पाणी वाजावं तसं. एवढ्यावरच निदान झालं. शंका असेल तर फ्लोट काढून गरम पाण्यात बुडवा. पाणी घरात तापवा आणि बाहेर आणा, शेगडीजवळ हे करायचं नाही. आतली हवा फुगते आणि भोकातून बुडबुड्यांची बारीक रांग निघते. माझ्या फ्लोटचं भोक जोडावरच्या झाळकामात होतं, सुईच्या टोकाएवढं. काही जण ते पुन्हा झाळतात. आत पेट्रोल गेलेल्या पोकळ वस्तूला तापती झाळणी लावायची हे मला मान्य नाही. नवा पितळी फ्लोट थोड्या डॉलरांत मिळतो. काळ्या फोमचा फ्लोट जुना असेल तर तो पेट्रोल पिऊन जड होतो, तोही बदला.

आता मीटर. सेंडर कोरडा पुसा, टाकीपासून लांब न्या. एक टोक सेंडरच्या स्क्रूला, दुसरं झाकणाला लावून दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. काट्याचा मीटर इथे कामाला येतो. सरकताना एखाद्या जागी संपर्क क्षणभर तुटला तर काटा उसळी मारतो, डिजिटल मीटरला बऱ्याचदा ते दिसतच नाही. रोध तळाशी 1-2 ओहम, मध्यावर 45 च्या जवळ, वर 88 ते 92 यायला हवा, आणि मधे कुठेही झटका नको. झटके फक्त मळामुळे असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडी पन्नासदा वर-खाली करा, जीभ किंचित दाबून तिचा ताण वाढवा. तार झिजून तुटली असेल तर दुरुस्ती नाही, नवा सेंडर.

नवा घेताना तीन गोष्टी जुळवा: ओहमचं घराणं, दांडीची लांबी, आणि नळ्यांची संख्या व जाडी. सर्वसामान्य, कुठेही बसणारा सेंडर घेतला तर टाकीची खोली मोजून त्याची बिजागरी खोलीच्या मध्यावर येईल अशी बसवायची आणि दांडी कापायची. डब्यातून काढल्याबरोबर नव्या सेंडरचीही तीच ओहम तपासणी करा. नवा आहे म्हणून बरोबर असतो असं नाही.

परत बसवणं

गॅसकेट नवीनच, नायट्राइल किंवा व्हायटन रबराचं. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि तुकडे फिल्टरमध्ये जातात. शोषण नळीच्या टोकाची जाळीही बदला. टाकी खाली आहे तोवर सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला. अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला पोखरतं. बाहेरच्या भागाला एसएई जे30आर9 लिहिलेली नळी चांगली. टाकीत बुडणारा तुकडा असेल तर जे30आर10च लागते, बाहेरची नळी पेट्रोलमध्ये बुडाली की बाहेरून विरघळते.

सेंडर बसवल्यावर फ्लोट आडभिंतीला घासत नाही ना, हे झाकण थोडं फिरवून हाताला जाणवतं. कडी आवळायच्या आधी पुन्हा एकदा ओहम बघा. रिकाम्या टाकीत 0 च्या जवळ हवेत.

पलंगाखालच्या फळीत, सेंडरच्या बरोबर वर, झाकण करावं का? मी केलं, आणि टाकी उतरवलेली असताना केलं. ती जागेवर असताना वरून करवत चालवणं म्हणजे वाफेच्या डोक्यावर ठिणग्या पाडणं. खालून वायरी, पाण्याच्या नळ्या आणि लोखंडी आडवे बार कुठे आहेत ते पाहून नऊ इंचांचा चौकोन कापला, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली पेट्रोलला टिकणारं गॅसकेट, चारही बाजूंनी स्क्रू. हे झाकण हवाबंद झालं नाही तर वाफ थेट झोपायच्या जागेत येईल. तेवढी काळजी घ्यायची तयारी नसेल तर फळी कापू नका.

टाकी चढवा, वायर आणि अर्थ जोडा, नळ्या क्रमांक बघून लावा, पट्ट्यांखालच्या रबरी पट्ट्या नव्या घाला. पाच गॅलन टाकून तासभर थांबा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून गळती बघा. बॅटरी जोडणं आणि प्रोपेन उघडणं त्यानंतरच.

काट्याशी ओळख करून घेणं

गाडी सपाट जागी उभी असतानाच पाच-पाच गॅलन भरत जा, दर वेळी काटा कुठे आला ते लिहा. टाकीचा आकार सरळ नसतो आणि फ्लोटची दांडी वर्तुळात फिरते, त्यामुळे काटा सम प्रमाणात चढत नाही. माझ्या गाडीत अर्ध्या खुणेवर 20 ऐवजी 17 गॅलनच असतात, आणि ‘ई’ला टेकल्यावर जवळपास 4 उरतात. हे आकडे माझ्या गाडीचे. तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. चढावर काटा एक बोलतो, उतारावर दुसरं, वळणावर हिंदकळतो. टाकी लांब असली की एवढं चालायचंच. पोस्टकार्डावर लिहिलेला हा तक्ता सूर्यपट्टीच्या मागे चिकटवला आहे. आता लांबच्या प्रवासात मुलगीच तो बघून सांगते, पुढचा पंप गाठायचा की याच पंपावर वळायचं.

हिवाळ्यासाठी गाडी उभी करताना टाकी जवळजवळ भरून, पेट्रोल टिकवणारं द्रव टाकून ठेवा. मोकळ्या जागेत दमट हवा कमी राहते, तारेची गुंडाळी पेट्रोलमध्ये बुडालेली राहते आणि तिच्यावर गंज चढत नाही. मार्चमध्ये बॅटरी जोडली की सर्वांत आधी इग्निशन चालू करून काटा वर चढतो का ते बघा, आणि मग एकदा खाली वाकून तो काळ्या वायरचा लग.